बोगस क्रीडा प्रमाणपत्र : शिक्षा नेमकी कुणाला करायची?

बीड जिल्ह्यात खेळ आणि नोकरी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात भरती झाला आणि धावपटू म्हणून तिथेच घडला. पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. पाटोदा तालुक्यातला पैलवान राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत त्याला कांस्य मिळालं. राज्य सरकारने त्याला थेट पोलीस उपअधीक्षक केलं.

ही झाली शिखरावरची माणसं. त्यांच्या मागे जिल्ह्यातल्या तालमींत आणि मैदानांवर शेकडो मुलं-मुली घाम गाळत असतात. त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऑलिम्पिक नसतं, पोलीस शिपायाची वर्दी असते. दरवर्षी दिवाळीच्या आसपास ज्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथे कोयता हातातून सुटण्याचे मार्ग मोजकेच आहेत. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण हा त्यातला एक.

म्हणूनच बोगस क्रीडा प्रमाणपत्राचा प्रश्न हा फक्त कागदाच्या फसवणुकीचा प्रश्न नाही. कधीही मैदानात न उतरलेला उमेदवार खेळाडू म्हणून भरती होतो, तेव्हा खेळलेल्या एका माणसाची जागा जाते. अशी प्रकरणं उघडकीला आली की 'कडक शिक्षा करा' अशी मागणी होते. पण शिक्षा कुणाला, कोणती, आणि ज्याची जागा गेली त्याचं काय, हे प्रश्न तसेच राहतात.

५ टक्के म्हणजे किती जागा?

महाराष्ट्र सरकारने ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण ठेवलं. १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याचे निकष नव्याने ठरवले गेले. पद जितकं वरचं, तितकी स्पर्धा मोठी आणि कामगिरी सरस हवी, असं त्याचं ढोबळ सूत्र आहे. राहुल आवारेला मिळाली तशी थेट नियुक्ती ही वेगळी वाट आहे. ती मोजक्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी असते. बाकीच्यांना परीक्षा, मैदानी चाचणी आणि गुणवत्ता यादी यांतूनच जावं लागतं.

हे आरक्षण 'समांतर' आहे. म्हणजे खुला, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत खेळाडूंच्या जागा निघतात. १०० जागांची भरती असेल, तर खेळाडूंच्या वाट्याला ५ जागा येतात, आणि त्या पाचही वेगवेगळ्या प्रवर्गांत विभागल्या जातात. जिल्हा पातळीवरच्या भरतीत एका प्रवर्गात खेळाडूसाठी एकच जागा असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे एक बोगस प्रमाणपत्र घुसलं की त्या वर्षी त्या प्रवर्गातल्या खेळाडूंचं आरक्षण शंभर टक्के संपलं.

स्पर्धा किती आहे हेही पाहा. २०२४ च्या राज्यातल्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले. म्हणजे एका पदामागे शंभरहून अधिक अर्ज. खेळाडूंच्या यादीत रांग छोटी असते, त्यामुळे निवडीचे गुणही बऱ्याचदा खाली येतात. ज्याला खेळायचं नाही, पण छोट्या रांगेत उभं राहायचं आहे, त्याला हाच मोह पडतो.

बोगस कागद बनतो कुठे?

प्रमाणपत्र देते ती त्या खेळाची संघटना. ते खरं आहे का आणि कोणत्या गटाच्या पदासाठी चालतं, हे तपासून पडताळणी अहवाल देतं ते क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांचं कार्यालय. भरतीच्या अर्जाची मुदत संपण्याआधी हा अहवाल हातात असावा, असा नियम आहे. नियुक्ती देणारं खातं, मग ते पोलीस असो वा महसूल, या अहवालावर विसंबून पुढे जातं.

म्हणजे बोगस उमेदवार आत जायला तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं संघटनेचं, दुसरं क्रीडा कार्यालयाचं, तिसरं नियुक्ती देणाऱ्या खात्याचं. प्रत्येक दारावर एक सही असते.

२०२०-२१ च्या सुमारास राज्यात गाजलेल्या प्रकरणात ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची प्रमाणपत्रं पुढे आली. असा खेळ निवडण्यामागे हिशेब असतो. कुस्ती, कबड्डी किंवा खो-खोच्या राज्य स्पर्धेत कोण खेळलं हे शेकडो लोकांना ठाऊक असतं. जो खेळ जिल्ह्यात फारसा कुणी खेळतच नाही, त्याच्या स्पर्धेचा साक्षीदार कुठून आणणार? नागपूर विभागातल्या तपासाचे धागे क्रीडा खात्यातल्या माणसांपर्यंतही गेले. पडताळणी करणाऱ्या यंत्रणेवरच संशय आला, तर 'पडताळणी कडक करा' हे उत्तर अर्धवट ठरतं.

पकडलं गेलं तर काय होतं?

कायदा कमजोर नाही. बनावट दस्तऐवज तयार करणं, तो खरा म्हणून वापरणं आणि फसवणूक, हे सगळे गुन्हे आधी भारतीय दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहेत. नोकरीबाबत सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही स्पष्ट आहे. भारतीय खाद्य निगम विरुद्ध जगदीश बलराम बहिरा या २०१७ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की खोट्या जात प्रमाणपत्रावर मिळवलेल्या नोकरीला, कितीही वर्षं सेवा झाली तरी, संरक्षण देता येत नाही. ते प्रकरण जातीच्या दाखल्याचं असलं, तरी त्यामागचा विचार इथेही लागू पडतो : खोट्या आधारावर मिळवलेला लाभ काळाच्या ओघात खरा होत नाही.

पण त्या निकालानंतर महाराष्ट्रात काय झालं हेही लक्षात घ्यायला हवं. जमातीचा दावा अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना एकदम घरी पाठवण्याऐवजी राज्य सरकारने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने त्यांना 'अधिसंख्य' पदांवर, म्हणजे मंजूर पदांच्या बाहेर निर्माण केलेल्या तात्पुरत्या पदांवर वर्ग केलं. त्यामागे मानवी कारणं होती. हजारो कुटुंबांचा प्रश्न होता आणि त्यातल्या सगळ्यांनीच ठरवून फसवणूक केली होती असंही नव्हतं. तरी शिक्षा जितकी मोठी आणि तिच्या कक्षेत येणारी माणसं जितकी जास्त, तितकं सरकार ती अमलात आणताना कचरतं, हे त्यातून दिसतं.

क्रीडा प्रमाणपत्रांच्या बाबतीत सरकारने आणखी एक मार्ग वापरून पाहिला. बनावट प्रमाणपत्रं मे २०२२ अखेरपर्यंत स्वतःहून परत करा, नंतर सापडलात तर गुन्हा दाखल होईल, असं आवाहन क्रीडा आयुक्तालयाने केलं. या माफीचा एक फायदा नक्की असतो : कोर्टाच्या फेऱ्यांशिवाय यादी साफ होऊ लागते. पण प्रमाणपत्र कुणी विकलं हे सांगण्याची अट नसेल, तर कागद परत येतो आणि दुकान चालूच राहतं.

बीडमधलाच एक धडा

२०२२-२३ मध्ये बीड जिल्हा परिषदेत वेगळ्या प्रकारच्या प्रमाणपत्रांचा प्रश्न आला. बदल्यांमध्ये सवलत मिळावी म्हणून दिलेल्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी झाली आणि त्यात तफावत आढळल्यावरून पन्नासहून अधिक शिक्षकांना निलंबित करण्यात आलं. प्रशासनाने मनावर घेतलं तर जिल्हा पातळीवरही कारवाई होऊ शकते, हे त्यातून दिसलं.

पण त्या कारवाईत आणि क्रीडा प्रमाणपत्राच्या तपासात एक मोठा फरक आहे. दिव्यांगत्व पुन्हा तपासता येतं. माणूस समोर असतो, डॉक्टर असतात, यंत्रं असतात. दहा वर्षांपूर्वीची स्पर्धा मात्र पुन्हा खेळवता येत नाही. उमेदवाराला आज मैदानात उभं केलं आणि त्याला नीट धावता आलं नाही, तरी तो म्हणू शकतो की मी तेव्हा खेळत होतो, आता सराव सुटला. त्याचं म्हणणं खोटं ठरवायला त्या वेळची नोंदच लागते : स्पर्धा कधी झाली, कुठे झाली, किती संघ होते, निकालपत्रकावर कुणाची नावं होती. ती नोंद फक्त संघटनेच्या कपाटात असेल आणि संघटनाच सामील असेल, तर तपास तिथेच अडतो.

अमेरिकेने हाच पेच कसा सोडवला?

खेळाडूंच्या भरतीतला गैरप्रकार आणि त्याची शिक्षा यावर जगात सर्वांत जास्त प्रयोग कुठे झाले असतील, तर ते अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये. तिथलं फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे संघ शाळेतल्या चांगल्या खेळाडूंना आपल्याकडे ओढण्यासाठी चढाओढ करतात. त्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या एनसीएए या संघटनेने खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे पैसे देण्यावर अनेक दशकं बंदी ठेवली होती.

टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीने ती वारंवार मोडली. आधीच्या गैरप्रकाराबद्दल देखरेखीखाली असतानाही खेळाडूंना गुपचूप पैसे मिळत राहिले. १९८७ मध्ये एनसीएएने या विद्यापीठाचा फुटबॉलचा पूर्ण हंगाम रद्द केला. तिथे या शिक्षेला 'मृत्युदंड' असंच नाव पडलं. पुढचा हंगामही विद्यापीठाला खेळता आला नाही. खेळाडू दुसरीकडे गेले, शिष्यवृत्त्या कमी झाल्या. नंतरच्या वीस वर्षांत या संघाला एकाच हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळाले.

शिक्षा इतकी विध्वंसक ठरली, की एनसीएएने त्यानंतर वरच्या श्रेणीतल्या एकाही फुटबॉल संघाला ती दिलेली नाही. जी शिक्षा पुन्हा वापरायची भीती वाटते, तिचा धाकही हळूहळू ओसरतो. शिवाय ती भोगली कुणी? पैसे वाटणाऱ्या धनिकांनी कमी, आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्या, गैरप्रकाराशी संबंध नसलेल्या मुलांनी जास्त.

नंतर शिक्षेचा रोख बदलत गेला. २०२३ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या भरतीत दोनशेहून अधिक नियमभंग सापडले. तेव्हा संघाला मोठ्या सामन्यांतून बाद केलं नाही. विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून अधिक दंड झाला. माजी मुख्य प्रशिक्षकावर मात्र सहा वर्षांची अशी शिक्षा बसली, जी त्याच्या मागे जाते. या काळात दुसऱ्या कॉलेजने त्याला नेमायचं ठरवलं, तर त्या कॉलेजलाच एनसीएएपुढे उत्तर द्यावं लागेल. संस्था सोडली म्हणून माणूस सुटत नाही.

अमेरिकेची गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होत नाही, हेही सांगायला हवं. तिथला मूळ नियमच पुढे वादग्रस्त ठरला. विद्यापीठं खेळावर कोट्यवधी डॉलर कमावत असताना खेळाडूला पैसे का नकोत, असा सवाल झाला. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. कालचा गुन्हा आज कायदेशीर झाला. आपल्याकडच्या बोगस प्रमाणपत्राचं तसं कधीच होणार नाही. तिथे पैसे घेणारा मुलगा निदान खरोखर खेळत होता. इथे न खेळलेला माणूस खेळलेल्याची भाकरी पळवतो.

संघटनेची मान्यता काढली तर?

हा उपाय ऐकायला सोपा वाटतो. पण सदर्न मेथडिस्टचा अनुभव इथे आठवायला हवा. राज्य संघटनेची मान्यता गेली, की त्या खेळात खरोखर घाम गाळणाऱ्या मुलांची प्रमाणपत्रंही अडचणीत येतात.

कुस्तीत याची चुणूक दिसली आहे. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली आणि राज्यातल्या कुस्तीचा कारभार दोन गटांच्या वादात सापडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर एकाच महिन्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाल्या, एक पुण्याजवळ फुलगावला आणि दुसरी धाराशिवला. एकीत सिकंदर शेख जिंकला, दुसरीत शिवराज राक्षे. दोघेही नावाजलेले मल्ल, तेव्हा त्यांचं फार अडलं नसेल. पण अशा वादात खालच्या वजनगटात तिसरा आलेल्या, भरतीसाठी कागद जपणाऱ्या पोराने कोणत्या गटाच्या सहीवर विश्वास ठेवायचा? भांडण पदाधिकाऱ्यांचं असतं, टांगती तलवार पैलवानावर असते.

म्हणून शिक्षा संघटनेच्या नावाला करण्यापेक्षा सही करणाऱ्या माणसाला व्हायला हवी. नाहीतर जुनी पाटी उतरते, नवी पाटी लागते, आणि सचिव तोच राहतो.

मग शिक्षेची रचना कशी हवी?

पहिली गोष्ट, तिन्ही दारांवरच्या सह्यांची जबाबदारी सारखी धरली जावी. प्रमाणपत्र वापरणारा नोकरी गमावतो आणि आरोपी होतो, ते योग्यच आहे. पण त्याने एकच प्रमाणपत्र वापरलेलं असतं, देणाऱ्याने कदाचित अनेक दिलेली असतात. बोगस प्रमाणपत्रावर सही केलेल्या पदाधिकाऱ्याला कोणत्याही मान्यताप्राप्त खेळ संघटनेत, कोणत्याही पदावर बसता येऊ नये. डोळेझाक करून पडताळणी अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी त्याच प्रकरणाचा भाग म्हणून व्हावी. केंद्राच्या २०२४ च्या सार्वजनिक परीक्षा कायद्याने हीच दिशा घेतली आहे. तिथे कठोर शिक्षेचा रोख परीक्षार्थीपेक्षा पेपरफुटीचा धंदा चालवणाऱ्यांवर आहे.

दुसरी गोष्ट, जबर शिक्षेपेक्षा पकडलं जाण्याची खात्री जास्त धाक बसवते. त्यासाठी स्पर्धा संपल्यावर काही दिवसांतच निकालपत्रक, सहभागी खेळाडूंची यादी, ठिकाण आणि तारीख क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर गेली पाहिजे. भरतीची जाहिरात निघाल्यावर जुन्या तारखेची स्पर्धा कागदावर 'भरवता' येणार नाही, एवढं झालं तरी मोठा रस्ता बंद होईल. याचा फायदा खऱ्या खेळाडूलाही आहे. संघटनेने नोंद हरवली म्हणून त्याच्यावर संशय येणार नाही.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे भरपाई. आज बोगस उमेदवार सापडला, तर तो जातो, पण जागा पुढच्या खेळाडूला मिळतेच असं नाही. भरतीची प्रतीक्षा यादी साधारण एक वर्ष जिवंत असते. फसवणूक उघड व्हायला त्याहून जास्त काळ लागतो. तोवर यादीतला पुढचा खेळाडू वयात सवलत असूनही मर्यादेबाहेर गेलेला असतो, किंवा मुकादमाची उचल घेऊन फडावर पोचलेला असतो. खेळाडूंच्या जागांपुरती प्रतीक्षा यादी जास्त काळ चालू ठेवणं, आणि बोगस निवड रद्द झाल्यावर पुढच्या पात्र खेळाडूला वयाची अट न लावता बोलावणं, हे शासन निर्णयाने करता येण्यासारखं आहे. तसं झालं तर तक्रार करणाऱ्यालाही अर्थ उरेल. आज तक्रारदाराच्या वाट्याला फक्त वैर येतं.

एक ओळ पुरेशी आहे

या सगळ्याला वेळ लागेल. पण एक बदल पुढच्या भरतीपासून करता येईल आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. निवड यादीत खेळाडू आरक्षणातून निवडलेल्या उमेदवाराच्या नावापुढे खेळ, स्पर्धा, वर्ष आणि मिळवलेला क्रमांक छापायचा. आज बऱ्याच याद्यांत नुसतं 'खेळाडू' एवढंच असतं.

बीडसारख्या जिल्ह्यात एका खेळातली माणसं एकमेकांना ओळखतात. अमुक वर्षीच्या राज्य स्पर्धेत आपल्या संघातून कोण गेलं होतं, कोण राखीव होतं, कोण बसमध्येच नव्हतं, हे त्या पोरांना तोंडपाठ असतं. कार्यालयाला जे शोधायला महिने लागतात, ते तालमीत पाच मिनिटांत कळतं. फक्त यादीत काय दावा केला आहे, हे त्यांना वाचायला मिळालं पाहिजे.